परतीचा प्रवास आणि सहाशे चाळीस रुपये

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला, तेव्हा बकरी ईद तोंडावर आली होती. १२ ऑगस्टला ईद होती. घराघरांत बकऱ्यांची खरेदी चालली होती आणि टीव्हीवर छपरांवर बसलेली माणसे दिसत होती. ब्रह्मनाळजवळ पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली, ती बातमी ऐकली त्या रात्री आमच्या घरात कुणी नीट जेवले नाही.

त्याच आठवड्यात नागपुरात आमच्या मोहल्ल्यात चर्चा सुरू झाली की यंदा कुर्बानीचे पैसे पूरग्रस्तांना द्यावेत का. इमाम साहेबांनी सोप्या शब्दांत समजावले. ज्याच्यावर कुर्बानी वाजिब आहे त्याने ती करावीच, पैसे देऊन ती भागत नाही. पण ज्यांच्या घरी दरवर्षी एकाहून जास्त, म्हणजे नफिल कुर्बान्या होतात, त्यांनी त्या रकमेतून मदत केली तर अल्लाह ती कबूल करणारा आहे. हे ऐकल्यावर लोकांनी मनापासून हात सैल सोडला. कुणी हजार दिले, कुणी पाच हजार. एका म्हाताऱ्या विणकर चाचांनी रुमालात बांधलेल्या दहा-दहाच्या नोटा दिल्या. एकूण ८६,२५० रुपये जमले.

मी उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस. कनिष्ठ महाविद्यालयातली चौदा मुले, पीटीचे सर आणि मी, असे सोळा जण १६ ऑगस्टला, जुमाच्या नमाजनंतर निघालो. निघण्यापूर्वी मी मुलांना बसवून अमानत या विषयावर अर्धा तास बोललो. पैसा लोकांचा आहे, आपण फक्त पोहोचवणारे आहोत, एक रुपयाही इकडचा तिकडे होता कामा नये. अकरावीतल्या एका मुलाला मी खजिनदार नेमले. मुलगा बोलायला कमी, पण गणितात पक्का. त्याला एक वही दिली आणि सांगितले, ‘रोज दोनदा पैसे मोजायचे. फजरनंतर एकदा आणि इशानंतर एकदा. पाकीट माझ्या बॅगेत राहील, मोजणार तू.’ हा नियम मीच घालून दिला होता, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

सांगलीत आम्ही पोहोचलो तेव्हा पाणी ओसरले होते आणि चिखल उरला होता. कोयना आणि वारणा धरणांतून सोडलेले पाणी आणि थांबायला तयार नसलेला पाऊस, यांनी कृष्णा फुगली. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेले होते. पुलापलीकडच्या सांगलीवाडीत आम्हाला काम मिळाले. भिंतींवर माणसाच्या डोक्याच्या वर पाण्याची रेघ उमटलेली. घरात गुडघाभर गाळ, त्यात गाद्या, धान्य, मुलांची दप्तरे आणि देवघरातल्या तसबिरी, सगळे एकत्र. फावडी, घमेली, खराटे, फिनेल, ब्लिचिंग पावडर ही सामग्री आम्ही जमलेल्या पैशांतूनच घेतली. पाच दिवस मुले सकाळी उतरायची ती मगरिबला वर यायची. आम्ही मुसाफिर असल्याने आपली नमाज कसर करत होतो, पण स्थानिक इमामांच्या मागे उभे राहिलो की पूर्ण चार रकअत. मुलांनी फिकहच्या पुस्तकातला तो धडा पहिल्यांदाच पायांनी शिकला.

शेवटच्या दिवशी एका बाईंच्या घरातला गाळ काढताना त्यांची शिलाई मशीन सापडली. लोखंड गंजलेले, लाकूड फुगून फाटलेले. त्या ब्लाउज शिवून दोन मुलींचे शिक्षण करत होत्या. आमच्याकडे तेव्हा ७,२०० रुपये शिल्लक होते आणि नवी मशीन साधारण तेवढ्यातच येत होती. आम्ही मिरजेच्या एका दुकानात गेलो. पण पुरानंतर सगळ्यांनाच मशीन हवी होती आणि माल संपला होता. दुकानदार म्हणाले, आठ दिवसांत येईल, आल्यावर पैसे पाठवा, मी घरपोच देतो. म्हणून ते ७,२०० रुपये पाकिटात तसेच राहिले. निघताना त्या बाई म्हणाल्या, ‘भाऊ, विसरू नका हं.’

शुक्रवारी, २३ ऑगस्टला, मिरजेत जुमा अदा करून आम्ही तीन वाजता स्टेशनवर आलो. विदर्भाकडे येणारी गाडी दोन तास उशिरा असल्याचे कळले. दोनाचे चार झाले आणि चाराचे सहा. अंगात चिखलाचा वास, हातांना फोड, बरोबर आणलेले डबे रिकामे. पहिले दोन तास मुलांनी मजेत काढले. मी त्यांना सांगितले की याच मिरजेहून एप्रिल २०१६ मध्ये लातूरच्या तहानलेल्या लोकांसाठी पाण्याची रेल्वे गेली होती. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. ज्या कृष्णेने तेव्हा दुष्काळात पाणी पाजले, तीच आता घरात शिरली होती. मुले गप्प होऊन ऐकत राहिली.

मग भूक लागली आणि वाद सुरू झाला. आमच्यात एक मुलगा होता, त्याला सगळे ‘वकील’ म्हणत. तो गमतीने म्हणाला, ‘सर, कुरआनात जकातीचे आठ हकदार सांगितलेत. त्यात अडकलेला मुसाफिर आहे की नाही? आम्ही अडकलेले मुसाफिर आहोत. शिवाय वसुली करणाऱ्यांचाही त्यात हिस्सा आहे. म्हणजे आमचा दुहेरी हक्क झाला. त्या पाकिटातून बिर्याणी मागवा!’

सगळे हसले. खजिनदार मात्र हसला नाही. तो म्हणाला, ‘पहिली गोष्ट, ही जकात नाही, नफिल सदका आहे. देणाऱ्याने ज्याच्यासाठी दिले त्यालाच जायला पाहिजे. लोकांनी सांगलीसाठी दिले. आणि आता तर ते मशीनचे आहेत. आपण हकदार आहोत हे आपणच कसे ठरवणार?’

मी खजिनदाराची पाठ थोपटली. वर आणखी एक दाखला दिला. सूरह निसामध्ये अनाथांचा माल सांभाळणाऱ्याला हुकूम आहे की तो सुखवस्तू असेल तर त्याने त्या मालापासून दूर राहावे, गरजू असेल तर रीतीप्रमाणेच घ्यावे आणि माल परत करताना साक्षीदार ठेवावेत. मी म्हणालो, ‘बघा, अल्लाहने सांभाळणाऱ्याची गरजही ओळखली आहे, पण साक्षीदारांशिवाय त्याला मोकळे सोडलेले नाही.’ मुलांनी माना डोलावल्या. मला स्वतःचे बोलणे फार आवडले होते.

गाडी रात्री पावणेदहाला सुटली. शनिवारी पहाटे पुणे आले आणि दौंड सकाळी. अहमदनगर ओलांडल्यावर दुपारी एका लहान स्थानकावर गाडी उभी राहिली ती हलेचना. पुढे एका मालगाडीचे इंजिन बंद पडले होते आणि मार्ग एकेरी. दोन्ही बाजूंना उसाची शेते, वर ऊन, डब्यात पंखे बंद. नळाला पाणी नाही. मुलांनी सकाळी दौंडला चहा-बिस्किटे खाल्ली होती, त्यानंतर काही नाही. बारावीतल्या एका मुलाला पित्ताने उलटी झाली. घरून फोन येत होते आणि एकेकाच्या फोनची बॅटरी संपत होती. ‘सर, कधी पोहोचणार?’ हा प्रश्न मी त्या दोन तासांत शंभर वेळा ऐकला असेन आणि शेवटी एका मुलावर उगाच खेकसलोही.

इतक्यात गावातला एक वडापाववाला टोपली घेऊन रुळांच्या कडेने आला. त्याच्या मागे एक मुलगा पाण्याच्या बाटल्या विकत होता. मी खिशात हात घातला. नव्वद रुपये होते. मिरजेच्या प्लॅटफॉर्मवर चहा-पाण्यात माझ्या खिशातले संपले होते. एटीएम कार्ड होते, पण तिथे एटीएम कुठले? आणि वडापाववाला रोखच मागत होता.

मी बॅग उघडली आणि पाकिटातून पैसे काढले. बत्तीस वडापावांचे ४८० आणि आठ बाटल्यांचे १६०. एकूण ६४० रुपये. मनात म्हटले, हे उसने आहेत, मनमाडला एटीएममधून काढून परत ठेवीन, कुणाला सांगायची काय गरज? मुले वडापावावर तुटून पडली. ‘सर, तुम्ही किती चांगले!’ असे वकील म्हणाला. मी हसून दाद दिली. त्या हसण्याची मला आजही शरम वाटते.

नंतर ज्या दोन गोष्टी कळल्या त्या सांगायलाच हव्यात. पीटीचे सर तेव्हा पुढे इंजिनापर्यंत चौकशीला गेले होते. त्यांच्या खिशात आठशे रुपये होते. मी पाच मिनिटे थांबलो असतो, किंवा वडापाववाल्याला ‘आमचे सर येतात, थांब’ म्हटले असते, तर भागले असते. आणि शेजारच्या बाकावर साताऱ्याकडचे एक आजी-आजोबा शेगावला दर्शनाला निघाले होते. मुले खात असताना आजींनी गाठोडे सोडले आणि दशम्या-चटणी पुढे केली. म्हणाल्या, ‘सकाळपासून बघतेय, पोरं उपाशी आहेत. म्हटलं विचारावं कसं, तुमच्यात आमचं चालतं का न चालतं.’ मुलांनी दशम्याही संपवल्या. म्हणजे गरज होती, पण मार्गही होते. मला फक्त तोंड उघडून ‘माझ्याकडे पैसे नाहीत’ म्हणायचे होते. म्होरक्याला ते जड गेले.

गाडी सुटली. मनमाडला संध्याकाळ झाली. मी उतरून एटीएमकडे धावलो, तिथे रांग होती. माझ्या पुढे तीन जण असताना गाडीने शिट्टी दिली आणि मी परत आलो. भुसावळला इशा झाली. थकून मी वरच्या बर्थवर पडलो आणि झोप लागली.

जाग आली ती कुजबुजीने. खजिनदार नेमाप्रमाणे मोजत होता. एकदा मोजले, दोनदा मोजले. ६,५६० रुपये. ६४० कमी. सकाळी फजरनंतर बरोबर होते. मग मधे बॅग कुणाकडे होती? भुसावळला मी वुजूला गेलो तेव्हा ती एका मुलाच्या मांडीवर ठेवली होती. तो मुलगा आमच्यातला सर्वांत गरीब. वडील नाहीत, आई चार घरी काम करते. त्याच्या प्रवासाचे पैसेही आम्ही वर्गणी काढून भरले होते. कुणी त्याला चोर म्हटले नाही. कुणी काहीच म्हटले नाही. फक्त सगळे त्याच्याकडे बघू लागले.

मी वर पडून होतो आणि जागा होतो. त्या क्षणी मी खाली उडी मारायला हवी होती. मी विचार करत बसलो. आता सर्वांसमोर कसे सांगू? काल ज्यांना सूरह निसा समजावली त्यांना काय तोंड दाखवू? खजिनदाराला बाजूला बोलावून हळूच सांगतो, म्हणजे निभावेल. असे करत दोन-तीन मिनिटे गेली असतील. घड्याळात ती थोडीच होती.

तेवढ्यात त्या मुलाने काही न बोलता आपली थैली उचलली आणि बर्थवर उलटी केली. ओला टॉवेल, चिखलाने कडक झालेली चप्पल, अर्धा बिस्किटाचा पुडा आणि कागदात बांधलेली हळद. सांगलीची हळद. ज्यांच्या घरातला गाळ त्याने काढला होता त्यांनी त्याच्या आईसाठी दिलेली. त्याने खिसेही उलटे केले. मग तो म्हणाला, ‘बघा.’

मी खाली उतरलो आणि सांगितले, ‘पैसे मी घेतले. दुपारच्या वडापावाचे. मी जागा होतो, सगळे ऐकत होतो, तरी बोललो नाही. हीसुद्धा माझीच चूक आहे.’

डब्यात शांतता झाली. गाडीचा आवाज तेवढा येत होता. मी त्या मुलाला म्हणालो, ‘बेटा, मला माफ कर.’ तो खाली बघत हळदीची पुडी पुन्हा बांधत होता. म्हणाला, ‘असू द्या सर.’ त्या शब्दांत माफी होती की नुसता थकवा, हे मला ओळखता आले नाही.

खजिनदाराने वही उघडली. तारीख घातली आणि लिहिले: ‘सरांकडे उसने, ६४० रुपये.’ वही माझ्यापुढे धरून म्हणाला, ‘सर, इथे सही करा.’ त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. मी जे शिकवले तेच तो करत होता. मी सही केली. पीटीच्या सरांनी साक्षीदार म्हणून केली.

अकोला गेले, बडनेरा गेले. मुले झोपली. मला झोप आली नाही. हजरत उमर (रजि.) यांचा एक प्रसंग मी वर्गात अनेकदा सांगितला आहे. एका माणसाने दुसऱ्याच्या चारित्र्याची ग्वाही दिली. हजरत उमर (रजि.) यांनी त्याला विचारले की तू त्याचा शेजारी आहेस का, त्याच्याशी कधी पैशांचा व्यवहार केलास का, त्याच्याबरोबर कधी प्रवास केलास का? तिन्ही प्रश्नांना उत्तर ‘नाही’ आले, तेव्हा ते म्हणाले की मग तू त्याला ओळखत नाहीस, मशिदीत मान खाली-वर करताना पाहिले असशील एवढेच. अरबीत ‘सफर’ या शब्दाचे मूळ उघडे करणे, पडदा दूर करणे या अर्थाशी जोडलेले आहे. प्रवासात माणसाचा स्वभाव उघडा पडतो म्हणून तो सफर, असे जुने उलेमा सांगत. हे सर्व मी मुलांची पारख करण्यासाठी शिकवत होतो. त्या रात्री पैशांचा व्यवहारही होता आणि प्रवासही होता, आणि पडदा निघाला तो माझा.

जातानाचा प्रवास सोपा असतो. तेव्हा उमेद असते, लोक निरोप द्यायला येतात, फोटो निघतात. काम करतानाही बघणारे असतात. परतीच्या वाटेवर बघणारे कोणी नसते, अंगात त्राण नसते आणि मनात ‘आपण एवढे केले’ ही भावना असते. माझ्याही मनात ती होती. सहा दिवस लोकांची सेवा केली, आता सहाशे रुपयांचे काय मोठेसे, असे कुठेतरी वाटले असणार. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी समजावले आहे की प्रवास माणसाची झोप, अन्न आणि पाणी हिरावतो, तेव्हा काम झाले की त्याने लवकर घरी परतावे. त्यांनी परतीच्या वाटेवर म्हणायची वेगळी दुआ शिकवली आहे. तिच्यात परतणे आणि तौबा करणे एकापाठोपाठ येते. ही दुआ मला शाळकरी वयापासून पाठ आहे. सेवेहून परतणाऱ्याने तौबा कशाची करायची, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नव्हता.

रविवारी पहाटे पावणेपाचला गाडी नागपूरला लागली, जवळजवळ पंधरा तास उशिरा. स्टेशनवरच्या एटीएममधून मी पैसे काढले आणि ६४० रुपये खजिनदाराच्या हातात मोजून दिले. त्याने पाकिटात ठेवले, पुन्हा सगळे मोजले, वहीत ‘जमा’ लिहिले आणि पहिल्यांदा थोडासा हसला. संत्रा मार्केटच्या बाजूने बाहेर आलो तर मुलांचे वडील, भाऊ, चाचा रात्रभर जागून उभे होते. प्रवासातून आल्यावर पैगंबर (स.) आधी मशिदीत जाऊन दोन रकअत नमाज अदा करत. आम्हीही मोमीनपुऱ्यातल्या मशिदीत गेलो, दोन रकअत पढलो आणि मग फजरच्या जमातीत उभे राहिलो. कपड्यांवर सांगलीचा चिखल तसाच होता.

त्या दिवशी असरनंतर मी त्या मुलाच्या घरी गेलो. अल्लाहचा हक्क चुकला तर तौबा केल्यावर तो माफ करणारा आहे. बंद्याचा हक्क मारला तर त्या बंद्याकडेच जावे लागते. डब्यात मी माफी मागितली होती, पण ती घाईतली होती, आणि त्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक तिथे नव्हती. त्याच्या आईने चहा ठेवला. मला वाटले होते की त्यांना सगळे माहीत असेल आणि त्या रागावलेल्या असतील. त्या म्हणाल्या, ‘सर, तुम्ही दमला असाल. हा सांगत होता गाडी फार उशिरा आली म्हणून.’ मी विचारले, ‘आणखी काय सांगितले?’ त्या म्हणाल्या, ‘हळद दिली. आणखी काही नाही.’

मुलगा दाराशी उभा होता. मी त्याच्या आईला सर्व सांगितले. काय घेतले, केव्हा घेतले, आणि किती वेळ गप्प राहिलो. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘गरिबाकडे लोक बघतातच सर. त्याला सवय आहे.’ यावर मी काय बोलणार? मुलाला विचारले, ‘आता सांग, माफ केलेस का? नसेल केले तरी सांग.’ तो म्हणाला, ‘तेव्हा नव्हते केले. आता केले.’

पुढच्या जुमाला नमाजनंतर मशिदीत हिशेब वाचायचा होता. खजिनदाराने वहीत लिहिलेले सगळे वाचले: फावडी इतक्याची, फिनेल इतक्याचे, वह्या इतक्याच्या. ६४० च्या ओळीपाशी तो थांबला आणि माझ्याकडे बघितले. ती ओळ मी उठून स्वतः वाचली. काहींना आश्चर्य वाटले, एक-दोघांनी तोंड वाकडे केले, तेही रास्तच होते. रुमालातून दहाच्या नोटा देणारे ते विणकर चाचा बाहेर भेटले. म्हणाले, ‘इतक्या वर्षांत चंद्याचे पुष्कळ हिशेब ऐकले. सगळे बरोबरच असायचे. म्हणून तर विश्वास बसायचा नाही.’ पुढच्या आठवड्यात मशीनचे ७,२०० रुपये मिरजेला पाठवले आणि त्या बाईंचा मशीन मिळाल्याचा फोन आला.

त्यानंतर मुलांना घेऊन मदतकार्यासाठी दोनदा जाणे झाले. आता आम्ही काही नियम पाळतो. कुणाला उपयोगी पडतील म्हणून सांगतो. प्रवासखर्च आणि अडचणीसाठीची रक्कम वेगळी जमवायची, आणि देणाऱ्यांना आधीच सांगायचे की ती आमच्यासाठी आहे. त्यात लपवण्यासारखे काही नाही. गाडी एक दिवस उशिरा येणार असे धरूनच शिदोरी बांधायची. अमानतीचे पाकीट दोघांकडे, एकाकडे कधीच नाही. ते दोघांनी मिळूनच उघडायचे आणि त्यात म्होरक्या नसावा. आणि पैसे कमी भरले तर पहिला प्रश्न वडीलधाऱ्यांना विचारायचा. सर्वांत गरीब मुलाकडे बघायचे नाही.

ती वही अजून माझ्या कपाटात आहे. खजिनदार आता नोकरीला लागला आहे. मध्यंतरी भेटायला आला तेव्हा त्याने ती मागून घेतली, चाळली आणि त्या पानाशी जरा थांबून परत दिली. अल्लाह आपल्या सर्वांना अमानत जपण्याची, आणि जपता आली नाही तर वेळेवर तोंड उघडण्याची ताकद देवो. आमीन.